आर्गोसची भाऊबंदकी: एक मैदान, तीन गाद्या

जुनीवही (धागाकर्ता)

ग्रीक पुराणकथांशी आपली ओळख बहुधा सुट्या गोष्टींमधून होते. मेड्युसाचे शिर कापणारा पर्सियस एका गोष्टीत भेटतो, बारा अचाट कामे करणारा हेराक्लीज दुसरीत, आणि ट्रॉयवर चालून गेलेला अगामेम्नॉन तिसरीत. या तिघांच्याही घराण्यांच्या गाद्या एकाच मैदानात होत्या, आणि ते मैदान इतके लहान आहे की मायसीनीहून सकाळी पायी निघालेला माणूस दुपारपर्यंत टिरिन्सच्या तटाखाली पोचू शकतो, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. पेलोपोनीजच्या ईशान्येला, आखाताच्या माथ्याशी पसरलेले हे आर्गोसचे मैदान. पश्चिमेला लारिसा नावाच्या टेकडीखाली आर्गोस, उत्तरेच्या कोपऱ्यात डोंगरांच्या बेचक्यात मायसीनी, समुद्राच्या बाजूला टिरिन्स, पूर्वेच्या कडेला मिडीया, आणि या सर्वांच्या मध्ये हेरादेवीचे मोठे देवस्थान. एवढ्याशा जागेत इतके राजे कसे मावले, हा या धाग्याचा विषय आहे.

माझे म्हणणे असे की या घराण्यांची वंशावळ नामावळी म्हणून वाचली तर ती रुक्ष वाटते. पण पिढ्यानपिढ्या चाललेल्या वाटणीच्या दाव्याचे कागद म्हणून वाचली तर तिच्यातले प्रत्येक पान बोलू लागते.

दाव्याची सुरुवात देवांपासून होते. ही भूमी कोणाची, असा वाद पोसायडन आणि हेरा यांच्यात झाला, तेव्हा इनाकस, सेफिसस आणि अ‍ॅस्टेरियन या तीन नद्यांनी इनाकसचा पुत्र फोरोनियस याच्यासह पंच म्हणून बसून निकाल हेराच्या बाजूने दिला. चिडलेल्या पोसायडनने पंचांचेच पाणी तोडले. पाऊस पडल्याखेरीज या नद्यांना पाणी नसते, त्याचे कारण हेच, असे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसॅनियस सांगतो. होमरनेही आर्गोसला 'फार तहानलेले' असे विशेषण लावलेले आहे. आर्गोसच्या लोकांच्या मते हा फोरोनियसच पहिला माणूस होता आणि अग्नीही त्यानेच शोधला. प्रॉमिथियसची कथा त्यांना मान्य नव्हती. निकाल देणाऱ्या पंचांनाच शिक्षा व्हावी, हा तपशील मला या साऱ्या इतिहासाची नांदी वाटतो.

इनाकसची मुलगी आयो ही हेराची पुजारीण. झ्यूसची तिच्यावर नजर गेली, तिला गायीचे रूप मिळाले, आणि गोमाशीने पिटाळलेली ती गाय भटकत भटकत इजिप्तला पोचली. तिथे तिचा वंश वाढला आणि काही पिढ्यांनी त्या वंशातले इजिप्टस आणि डॅनेअस हे दोन भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले. डॅनेअस आपल्या पन्नास मुलींना घेऊन जहाजाने आर्गोसला आला आणि आयोच्या नात्याने त्याने थेट गादीवर हक्क सांगितला. त्या वेळी राज्य करणारा गेलॅनोर अर्थातच ते मानेना. लोकांनी दोघांचे म्हणणे ऐकले आणि निकाल दुसऱ्या दिवसावर ठेवला. पहाटे तटाजवळ चरणाऱ्या गुरांवर एका लांडग्याने झडप घातली आणि कळपातल्या मुख्य बैलाला मारले. लोकांनी त्यातून अर्थ काढला तो असा की बैल म्हणजे गेलॅनोर आणि माणसांत न राहणारा लांडगा म्हणजे परक्या मुलखातून आलेला डॅनेअस. गादी लांडग्याला मिळाली, आणि आर्गोसमध्ये अपोलो लायकियसचे, म्हणजे लांडग्याशी नाते सांगणाऱ्या अपोलोचे, देऊळ उभे राहिले.

पुढे इजिप्टसचे पन्नास मुलगे चुलत बहिणींना मागणी घालत मागोमाग आले. लग्ने लागली आणि त्याच रात्री बापाने दिलेल्या खंजिरांनी एकोणपन्नास नवरदेव मारले गेले. त्यांची शिरे लेर्नाला पुरली गेली. एकट्या हायपरम्नेस्ट्राने आपला पती लिन्सियस याला जिवंत सोडले. बापाने तिच्यावर खटला भरला, आर्गोसच्या लोकांनी तिला निर्दोष ठरवले, आणि पुढचा सगळा राजवंश या एका जोडप्यापासून निघाला.

त्यांचा नातू अ‍ॅक्रिसियस आणि त्याचा जुळा भाऊ प्रीटस हे आईच्या पोटातच भांडत होते, असे अपोलोडोरसच्या नावावर चालणाऱ्या कथासंग्रहात लिहिले आहे. मोठेपणी त्यांचे युद्ध झाले आणि त्या युद्धात प्रथमच ढाली वापरल्या गेल्या, असा आर्गोसचा दावा होता. आर्गोसहून एपिडॉरसकडे जाणाऱ्या वाटेवर पॉसॅनियसला पिरॅमिडच्या आकाराची एक वास्तू दाखवली गेली, तिच्यावर ढाली कोरलेल्या होत्या. दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच गावचे असल्यामुळे सर्वांना तिथे एकत्र पुरले, असे त्याला सांगण्यात आले. लढाईत कोणीच जिंकले नाही, तेव्हा वाटणी झाली. अ‍ॅक्रिसियसला आर्गोस मिळाले. प्रीटसला टिरिन्स, मिडीया, हेराचे देवस्थान आणि किनारपट्टी. टिरिन्सचे तट सायक्लोप्स राक्षसांनी बांधून दिले.

वाटणी इथेच थांबली असती तर बरे, पण प्रीटसच्या मुलींना वेड लागले आणि त्या रानोमाळ हिंडू लागल्या. मेलाम्पस नावाच्या वैद्य-भविष्यवेत्त्याने उपचाराचा मोबदला म्हणून राज्याचा तिसरा हिस्सा मागितला. प्रीटसने नकार दिला, वेड इतर स्त्रियांमध्ये पसरले, आणि मग मेलाम्पसने दर वाढवून आपला भाऊ बायस याच्यासाठीही आणखी एक तृतीयांश मागितला. या वेळी प्रीटसला मान डोलवावी लागली. त्यातून आर्गोसमध्ये एकाच वेळी तीन राजघराणी झाली: मूळ वंशाचे अ‍ॅनॅक्सागोरसचे वंशज, मेलाम्पसचे आणि बायसचे. (पॉसॅनियस हा प्रसंग प्रीटसच्या पणतूच्या, म्हणजे अ‍ॅनॅक्सागोरसच्या काळात घालतो. मला तेच अधिक पटते, कारण प्रीटस तर आर्गोसचा राजा नव्हताच.)

दुसरीकडे अ‍ॅक्रिसियसची मुलगी डॅनाए हिचा पुत्र पर्सियस. नातवाच्या हातून मरण येईल हे भविष्य ऐकून आजोबांनी मुलीला कोंडले, नंतर मायलेकांना पेटीत घालून समुद्रात सोडले, आणि तरीही थेसलीतल्या लारिसा गावच्या खेळांत पर्सियसने फेकलेली थाळी म्हाताऱ्याला लागलीच. त्यानंतर पर्सियसने जे केले ते मला मेड्युसापेक्षाही रोचक वाटते. आपण ज्याला मारले त्याच्याच गादीवर बसण्याची लाज वाटून त्याने प्रीटसचा मुलगा मेगापेन्थीज याच्याशी चक्क राज्याची अदलाबदल केली. आर्गोस चुलत घराण्याला गेले, टिरिन्स पर्सियसकडे आले, आणि त्याने मायसीनी वसवली. तलवारीच्या म्यानाची टोपी तिथे गळून पडली म्हणून, किंवा तहान लागली असता उपटलेल्या अळंबीखाली पाणी सापडले म्हणून हे नाव पडले, अशा दोन व्युत्पत्ती आहेत; ग्रीकमध्ये दोन्ही वस्तूंना एकच शब्द चालतो.

अगामेम्नॉनच्या घराण्याबद्दल मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण ते सर्वांना ठाऊक आहे आणि ते या मैदानात फार उशिरा आले. जाणकारांनी भर घालावी.

कृष्णाकाठ

लेख आवडला. डॅनाएची कथा वाचताना मराठी वाचकाला कंस आणि देवकी आठवणार, आणि पेटी पाण्यात सोडली की कर्ण आठवणार, हे अटळच आहे. परंतु एवढ्यावरून कोणी कोणाची कथा उचलली, या चर्चेत आपण शिरू नये असे मला वाटते. साम्यापेक्षा फरक अधिक बोलका आहे. कृष्णाने कंसाला मारणे हे अवतारकार्य आहे. त्यात लाज वाटण्याचा प्रश्नच येत नाही. पर्सियसच्या हातून मात्र अपघात घडतो आणि त्या अपघाताचे सुतक तो राज्य बदलून फेडतो. आपण म्हणता तो वाटणीचा धागा नेमका या लाजेपाशी विणला गेला आहे.

पेटीबद्दल आणखी एक. सिमोनिडीज या कवीच्या एका काव्याचा तुकडा टिकून आहे. त्यात वादळी रात्री पेटीत बसलेली डॅनाए झोपलेल्या बाळाशी बोलते. राजवंश, भविष्यवाणी, गादी यांतले काहीही त्या तुकड्यात नाही. फक्त अंधार, लाटा आणि झोपलेले मूल.

तळटीप

एक दुरुस्ती सुचवतो. इजिप्टसच्या मुलांची शिरे लेर्नाला पुरली, हे अपोलोडोरसचे म्हणणे झाले; त्याच्या मते धडे नगरासमोर पुरली गेली. पॉसॅनियसला नेमके उलट सांगितले गेले होते. शिरे आर्गोसच्या लारिसा टेकडीच्या चढणीवर आणि धडे लेर्नाला, कारण खून लेर्नाला झाले आणि काम फत्ते झाल्याचा पुरावा म्हणून मुलींनी शिरे कापून बापाकडे आणली. पुराव्याचा मुद्दा लक्षात घेतला तर पॉसॅनियसचा पाठ कथेला अधिक जुळतो.

माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. ही भाऊबंदकी पुराणकाळात संपली नाही. इराणच्या स्वारीच्या वेळी, इ.स.पू. ४८० मध्ये, आर्गोस तटस्थ राहिले. इतिहासकार हिरोडोटसने त्याबद्दल ग्रीसभर सांगितली जाणारी एक वार्ता नोंदवली आहे. झर्क्सीझने आर्गोसला दूत पाठवून कळवले की आम्ही इराणी लोक पर्सियस आणि अँड्रोमिडा यांचा पुत्र पर्सीझ याचे वंशज, म्हणजे तुमचेच. तेव्हा आपल्यात युद्ध शोभत नाही. परक्या सम्राटाने भाऊबंद म्हणून हाक मारावी आणि खऱ्या भाऊबंदांनी विरुद्ध बाजूला उभे राहावे, असा तो प्रसंग होता. कारण त्याच वर्षी मायसीनीसारख्या तोवर खेडेगाव झालेल्या नगराने थर्मोपिलीच्या लढाईला ८० माणसे पाठवली, आणि पुढच्या वर्षी मायसीनी व टिरिन्स यांनी मिळून प्लॅटियाच्या लढाईला ४०० पाठवली. विजयानंतर डेल्फीला अर्पण केलेल्या सर्पस्तंभावर दोन्ही नगरांची नावे कोरली गेली. तो स्तंभ आज इस्तंबूलमध्ये आहे आणि त्यावर आर्गोसचे नाव नाही. इ.स.पू. ४६८च्या सुमारास आर्गोसने मायसीनी उद्ध्वस्त केली. पॉसॅनियसने त्याचे कारण एका शब्दात दिले आहे: मत्सर.

त्यानंतर दहाएक वर्षांनी, इ.स.पू. ४५८ मध्ये, एस्किलसने अथेन्सच्या रंगभूमीवर अगामेम्नॉनचा वध दाखवला तेव्हा राजवाडा मायसीनीचा नव्हता, आर्गोसचा होता. अथेन्सचा आर्गोसशी नुकताच तह झालेला होता. गाव गेले आणि पाठोपाठ गावचा राजाही गेला.

डोंगरवाट

मी काही वर्षांपूर्वी नाफ्लिओला मुक्काम करून हा भाग पाहिला. टिरिन्स नाफ्लिओपासून चार-पाच किलोमीटरवर, रस्त्याला लागूनच आहे, आणि बहुतेक बसगाड्या तिथे न थांबता मायसीनीला जातात, त्यामुळे मला तो किल्ला जवळजवळ एकट्याला मिळाला. तटाच्या पोटात दगडी बोळ आहेत. वरचे प्रचंड धोंडे दोन्ही बाजूंनी पुढे सरकत जाऊन माथ्यावर टेकलेले आहेत. बोळातल्या भिंतींचे दगड कमरेच्या उंचीपर्यंत तुळतुळीत आहेत, हात लावला तर सरकतो, आणि त्याच्या वर मात्र ते खडबडीत आहेत. शतकानुशतके मेंढपाळ आपली मेंढरे या बोळांत बसवत आणि लोकरीच्या घासण्याने दगडांना ही झिलई आली. सायक्लोप्सनी बांधले आणि मेंढरांनी घोटले, असे म्हणायला हरकत नाही.

मैदानात सगळीकडे संत्र्यांच्या बागा आहेत आणि त्या विहिरींच्या पाण्यावर उभ्या आहेत. इनाकसचे पात्र मी जूनमध्ये पाहिले. त्यात गोटे आणि वाळलेले गवत होते. पंचांना झालेली शिक्षा अजून चालू आहे.

जुनीवही

तळटीप यांची दुरुस्ती मान्य. मी अपोलोडोरसचा पाठ एकमेव असल्यासारखा लिहून गेलो. मेंढरांचा तपशील तर सोन्यासारखा आहे.

वाटणीचा ठसा होमरमध्येही स्पष्ट दिसतो. 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गातल्या जहाजांच्या यादीत हे लहानसे मैदान दोन राजांमध्ये विभागलेले आहे. आर्गोस, टिरिन्स आणि किनाऱ्यावरची गावे डायोमिडीजकडे, ८० जहाजे. मायसीनी आणि तिथून उत्तरेकडचा कॉरिंथपर्यंतचा मुलूख अगामेम्नॉनकडे, १०० जहाजे. ग्रीकांचा सरसेनापती असलेल्या राजाच्या राजधानीसमोरचे मैदान त्याच्या स्वतःच्या ताब्यात नाही, हे चमत्कारिक वाटते. शिवाय डायोमिडीजबरोबर स्थेनेलस आणि युरियालस हे आणखी दोन सेनानी आहेत. स्थेनेलस अ‍ॅनॅक्सागोरसच्या घराण्यातला, युरियालस बायसच्या. डायोमिडीज स्वतः मूळचा आर्गोसचाही नाही. त्याचा बाप टायडियस कॅलिडॉनहून परागंदा होऊन आलेला घरजावई. तीन गाद्यांची व्यवस्था त्या यादीत जशीच्या तशी उतरली आहे. फक्त मेलाम्पसच्या घराण्याची जागा रिकामी आहे.

माजघर

ती जागा रिकामी का, याचे उत्तर एरिफिलीच्या कथेत आहे, आणि या धाग्यात तिचे नाव अजून आलेले नाही याचे मला आश्चर्य वाटते. बायसच्या घराण्यातला अ‍ॅड्रास्टस आणि मेलाम्पसच्या घराण्यातला अँफिअराऊस यांचे इतके वितुष्ट आले की अ‍ॅड्रास्टसला सिसियॉनला पळून जावे लागले. पुढे तडजोड झाली तेव्हा अ‍ॅड्रास्टसने आपली बहीण एरिफिली अँफिअराऊसला दिली, आणि अट अशी ठरली की यापुढे दोघांत मतभेद झाला तर तिचा शब्द अखेरचा. सासर आणि माहेर यांच्यामध्ये तिला लवाद नेमले, म्हणा ना. थीब्झवर स्वारी करायची की नाही हा प्रश्न आला, तेव्हा या स्वारीत अ‍ॅड्रास्टस वगळता सगळे मरणार हे अँफिअराऊसला भविष्यज्ञानाने दिसत होते. थीब्झच्या गादीसाठी ही स्वारी मागणाऱ्या पॉलिनायसीझने एरिफिलीला हार्मोनियाचा हार दिला आणि तिने कौल स्वारीच्या बाजूने दिला. अँफिअराऊस जाण्यापूर्वी मुलांना बजावून गेला की मोठे झाल्यावर आईला मारा. थीब्झपाशी धरणी दुभंगून तो रथासकट गडप झाला. पुढे त्याचा मुलगा अल्कमिऑन याने आईला मारले आणि वेडा होऊन देशोधडीला लागला. जे घराणे वेड बरे करून राज्यात शिरले, ते वेडानेच राज्याबाहेर गेले.

एरिफिलीला लोभी म्हणून सगळे नावे ठेवतात आणि ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. पण दोन पुरुषांनी आपले भांडण तिच्या गळ्यात बांधले, हार तर नंतर आला.

आर्गोसची गादी कितीदा बाईच्या वाटेने गेली, तेही पाहावे. आयोच्या नात्यावर डॅनेअस आला, हायपरम्नेस्ट्रावर वंश टिकला, डॅनाएवरून पर्सियस, अल्कमिनीवरून हेराक्लीज. आर्गोसच्या कालगणनेतही राजांऐवजी हेराच्या पुजारिणींची वर्षे मोजत. पेलोपोनीजचे युद्ध कधी सुरू झाले हे सांगताना इतिहासकार थ्युसिडिडीज लिहितो की क्रायसिस तेव्हा ४८ वर्षे पुजारीण होती. पुढे इ.स.पू. ४२३ मध्ये तिने तोरणांजवळ पेटता दिवा ठेवला, तिला डुलकी लागली आणि देऊळ जळून गेले. रातोरात ती फ्लियसला पळाली.

तळटीप

माजघर यांच्या अ‍ॅड्रास्टसला एक पुरवणी. सिसियॉनमध्ये त्याची पूजा होत असे. इ.स.पू. सहाव्या शतकात तिथला हुकूमशहा क्लायस्थेनीज याचे आर्गोसशी युद्ध झाले, तेव्हा त्याने होमरचे गायन बंद करवले, कारण त्यात जिकडेतिकडे आर्गोसचीच स्तुती. अ‍ॅड्रास्टसला मात्र उचलून फेकता येईना. डेल्फीच्या दैवी कौलाने क्लायस्थेनीजलाच झिडकारले. मग त्याने थीब्झहून मेलॅनिपस या वीराला आणून बसवले, कारण अ‍ॅड्रास्टसचा भाऊ आणि जावई त्याच्याच हातून मेले होते. वैऱ्याला शेजारी आणले की अ‍ॅड्रास्टस आपोआप निघून जाईल, हा हिशेब.

कृष्णाकाठ

पेलॉप्सच्या, म्हणजे अगामेम्नॉनच्या, घराण्याला धागाकर्त्यांनी बाजूला ठेवले आहे, पण ते या मैदानात शिरले कसे, एवढे तरी यायला हवे. पर्सियसचा नातू युरिस्थियस मायसीनीचा राजा. झ्यूसने शपथ घेतली होती की आज माझ्या रक्ताचा जो जन्मेल तो सर्वांवर राज्य करील; हेराने हेराक्लीजचा जन्म लांबवला आणि युरिस्थियसला सातव्या महिन्यातच जन्माला घातले. युरिस्थियसच्या हुकमाने हेराक्लीजला करावी लागलेली सारी बारा कामे या दोन महिन्यांच्या फरकाची आहेत. हा युरिस्थियस अ‍ॅटिकात मारला गेला, तेव्हा मायसीनी त्याचा मामा, पेलॉप्सचा मुलगा अ‍ॅट्रियस याच्या हाती राहिली. थ्युसिडिडीज हे अगदी कोरडेपणाने सांगतो: स्वारीला जाताना भाच्याने राज्य मामाकडे सोपवले, तो परतला नाही, लोकांना हेराक्लीजच्या मुलांची भीती होती, मामा कर्तबगार होता. सोनेरी कोकरू, उलटा फिरलेला सूर्य आणि अ‍ॅट्रियसचा भाऊ थायेस्टीज याच्या ताटात वाढलेली त्याचीच मुले हे सारे त्याने वगळले आहे.

जुनीवही

आणि शेवटी हेराक्लीजचे वंशज परत आलेच. टेमेनस, क्रेस्फॉन्टीज आणि मृत अ‍ॅरिस्टोडेमसची जुळी मुले यांनी पेलोपोनीज जिंकून चिठ्ठ्या टाकल्या. पाण्याच्या घड्यात प्रत्येकाने खडा टाकायचा. पहिल्याला आर्गोस, दुसऱ्याला स्पार्टा, उरलेल्याला मेसिनिया. क्रेस्फॉन्टीजला सुपीक मेसिनिया हवा होता, म्हणून त्याने खड्याऐवजी मातीचे ढेकूळ टाकले. ते विरघळले आणि त्याचा नंबर शेवटी लागला. पुढे मॅसिडोनियाच्या राजांनी, म्हणजे अलेक्झांडरच्या पूर्वजांनी, आपले मूळ सांगितले ते आर्गोस ज्याला मिळाले त्या टेमेनसपर्यंत.

टेमेनसचा ओढा मुलांपेक्षा मुलगी हिर्नेथो आणि जावई डायफॉन्टीज यांच्याकडे अधिक होता. मुलांनी बापाला मारवले. मग दोघे भाऊ बहिणीला परत न्यायला एपिडॉरसला गेले. तिने नवऱ्याला सोडायला नकार दिला, तेव्हा त्यांनी तिला बळजबरीने रथात घातले. डायफॉन्टीजने पाठलाग केला. फाल्सीज या भावाने तिला इतके घट्ट ओढून धरले की गरोदर असलेली हिर्नेथो त्याच्या हातातच गेली. जैतुनाच्या ज्या राईत तिला पुरले, तिथली वाऱ्याने मोडून पडलेली फांदीसुद्धा कोणी घरी नेत नसे. ती हिर्नेथोची म्हणून तिथेच राहू देत.